काचेला घसारा नाही

शंभर फुटी रोडला मी सिग्नलला थांबले होते,
हँडब्रेक ओढून. हे मी चार जणांना सांगितलंय,
चारही वेळा हँडब्रेकसकट.
मागून आरवाड्यांचा पोरगा आला, मांडीवर फोन,
आणि माझ्या इकोची मागची काच
एका आवाजात साबुदाणा झाली.

एकतीस डबे होते मागं.
मंगळवार, म्हणजे अख्खा मसूर.
मसूर सीटखाली, जॅकवर, स्टेपनीच्या खोबणीत,
आणि तिकडं वसतिगृहात एकतीस पोरं
घड्याळाकडं बघत.

पोराचा बाप आला. आधी स्वतःच्या गाडीभोवती फिरला,
मग माझ्याकडं. वरच्या खिशातून दोन हजार काढले.
"मिटवून टाकू ताई. पोलीस कशाला त्यात?"
हवालदारही म्हणाले, मिटवा की.
मी म्हटलं, मिटवायला काय पाटीवरचं गणित हाय?
लिहून घ्या. वेळ, नंबर, कोण कुठं उभं होतं ते.
पेन त्यांच्याकडं नव्हतं.
माझ्या हिशेबवहीतलं दिलं.

कुपवाडच्या गॅरेजात एस्टिमेट निघालं
चौदा हजार दोनशे.
विम्याच्या शिरगुप्पेंनी समजावलं:
प्लास्टिकचे निम्मे मिळतात. पत्र्याचे वयाप्रमाणं,
"आणि तुमचा पत्रा सात वर्षांचा, वहिनी."
काचेला मात्र घसारा नाही.
काच जुनी असो, नवी असो,
फुटली की पूर्ण भरपाई.
हे वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.
"आणि डब्यांचं काढू नका. पांढरी पाटी आहे.
धंदा म्हणालात की क्लेम गेला."

सर्व्हेअरनं आठ फोटो काढले.
मग नाक वर केलं.
"कसला वास येतोय मॅडम?"
"मसूर."
"बराच दिसतोय."
"घरचा."
"घरात माणसं किती?"
माझ्या डोळ्यांपुढून पोरं सरकली,
उदगीरचा तो, कांदा न चालणारा,
तो तापात वरणभात मागणारा,
दोन महिने पैसे थकवून मान खाली घालून जेवणारा.
म्हटलं, खाणारी तोंडं आहेत बरीच.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं,
आणि लिहिलं: खासगी वापर.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.
त्या रात्री झोप लागली, हे खरं.

उरलेल्याचं बिल मी स्वतः केलं, आरवाड्यांच्या नावानं.
कंपनीनं कापलेले चार हजार आठशे,
बुडालेला बोनस, पाच दिवसांचं रिक्षाभाडं,
आणि खाली, एक ओळ सोडून,
मसूर: एकतीस गुणिले साठ.

तीनदा गेले त्यांच्या टाइल्सच्या दुकानात.
तिसऱ्यांदा दारातच खुर्ची घेऊन बसले
आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला
"या, बसा" म्हणाले.
अर्ध्या तासात त्यांना चष्मा सापडला.
बोट एकेक ओळ उतरत गेलं, तळाशी अडलं.
"आमटीचं पण बिल लावता?"
"आमटी नव्हे. अख्खा मसूर."
मोजून दिले. मसुराचे अठराशे.
वरचे साठ सोडा म्हणाले.
सोडले नाहीत. वहीत आहेत, येणे बाजूला:
एक ताट, आरवाडे.

काच नवी बसली. तिच्यावर अजून
एकाही बोटाचा ठसा नाही.
सिग्नलला मी आता लाल दिवा कमी बघते,
आरसा जास्त.
सीटखालून अधूनमधून मणी निघतात,
गोलसर, पांढुरके, धार नसल्यासारखे.
गुरुवारी साबुदाणा भिजवला की
मी पातेल्याच्या तळापर्यंत हात घालते
आणि एकेक दाणा चेपून बघते,
मऊ होतोय का.